भेटीची नोंद आणि अंधारातला घडा

आजचा विषय वरवर पाहता कारकुनी आहे. पण गरीब रुग्ण सरकारला दिसतो की नाही, हा प्रश्न त्यात दडलेला आहे, म्हणून आम्ही तो घेतला.

अमेरिकेत 1965 साली गरिबांसाठी मेडिकेड योजना सुरू झाली. खर्च केंद्र आणि राज्यं मिळून करतात. सुरुवातीची रीत साधी: डॉक्टरने तपासलं, बिल पाठवलं, राज्याने पैसे दिले. बिलावर आजार, उपचार, तारीख सगळं असे. म्हणजे बिल हीच नोंद.

पुढे दुसरी पद्धत आली. राज्याने कंपनीला दर माणशी, दर महिना ठरावीक रक्कम द्यायची. उपचारांची जबाबदारी कंपनीची. ॲरिझोना हे मेडिकेडमध्ये सर्वांत शेवटी, 1982 साली आलं, ते याच पद्धतीने. 1997 च्या कायद्याने इतर राज्यांचीही वाट सोपी केली.

आता गंमत बघा. रुग्ण चारदा आला काय, एकदाही न आला काय, कंपनीला मिळणारी रक्कम तीच. मग भेट लिहून राज्याला कळवायची निकड कोणाला? आणि जिथे डॉक्टरलाही ठोक रक्कमच मिळे, तिथे लिहिण्याचं कारणच उरलं नाही. बिल गेलं, त्याबरोबर राज्याचे डोळेही गेले. पूर्वी आपोआप मिळणारी नोंद आता मागून घ्यावी लागली.

1999 पासून राज्यांनी ही माहिती केंद्राला संगणकावर पाठवायची, असं ठरलं. तरी केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांच्या 2009 च्या अहवालात काय दिसलं? अशा 40 राज्यांपैकी 15 राज्यांनी भेटींच्या नोंदी पाठवल्याच नव्हत्या! 2016 च्या नियमांनी मात्र नेमकी नस पकडली: नोंदी अपुऱ्या असतील तर केंद्राचा वाटा रोखता येईल.

एवढा आटापिटा कशासाठी? समजा, एका मुलाच्या नावापुढे लसीची नोंद नाही. ते आलंच नाही? आलं, पण परत पाठवलं? की लस टोचली आणि कळवायचं राहिलं? कोरी जागा काहीच सांगत नाही. भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे प्रमाण मानतात, पण अट घालतात: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही.

नोंदी गोळा करणं म्हणजे त्या खोलीत दिवा लावणं. तो लावल्याशिवाय 'उपचार मिळाले' हे म्हणता येत नाही, आणि 'मिळाले नाहीत' अशी तक्रारही सिद्ध करता येत नाही. यात नुकसान कोणाचं, हे आपण ओळखलंच असेल.