ऑनलाइन वर्गातील फळा : टॅब्लेट आणि लेखणी

गणितातील सिद्धता तयार स्वरूपात पडद्यावर दाखविणे आणि ती विद्यार्थ्यांसमोर एकेक पायरी लिहीत उलगडणे, यांत मोठे अंतर आहे. लिहिताना शिक्षकाचा हात जितका वेळ घेतो, तितकाच अवधी विद्यार्थ्याला विचारासाठी मिळतो. मार्च २०२० मधील टाळेबंदीत वर्गातला फळा दुरावला आणि माउसने अक्षरे गिरवणे किती कठीण आहे, हे अनेक शिक्षकांच्या ध्यानी आले. हस्तलेखनाची ही उणीव टॅब्लेट भरून काढतो. ही कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. खान अकॅडमीचे संस्थापक सलमान खान यांनी २००४ मध्ये दूरच्या शहरातील आपल्या नात्यातील मुलीला गणित शिकविताना पडद्यावरील अशाच लेखनाचा आधार घेतला होता.

तीन प्रकार

टॅब्लेट या एकाच नावाने तीन वेगळी साधने विकली जातात. पडदा नसलेली पाटी संगणकाला जोडावी लागते. हात पाटीवर आणि नजर पडद्यावर ठेवण्यास काही दिवसांचा सराव लागतो. मात्र तिन्हींमध्ये हीच सर्वसाधारणपणे स्वस्त असते. पडदा असलेल्या पाटीवर अक्षर हाताखालीच उमटते; तिलाही संगणक लागतो. तिसरा प्रकार आयपॅडसारख्या स्वतंत्र टॅब्लेटचा. ज्यांच्याकडे संगणक आहे, त्यांना केवळ शिकविण्यासाठी पहिला प्रकार पुरेसा ठरतो.

लेखणीची निवड

रबरी टोकाची साधी लेखणी टॅब्लेटला बोटासारखीच भासते. त्यामुळे पडद्यावर टेकलेल्या तळहाताच्याही रेघा उमटतात. टॅब्लेटला स्वतंत्रपणे ओळखू येणारी लेखणी घेतल्यास हा त्रास टळतो. ॲपल पेन्सिल चार्ज करावी लागते. वॅकॉमच्या बहुतेक लेखण्यांना पाटीच्या चुंबकीय क्षेत्रातूनच ऊर्जा मिळते.

लिहिताना

अनेक विद्यार्थी मोबाइलवरच वर्गाला बसतात. म्हणून एका पानावर सहा-सात ओळीच लिहाव्यात. अक्षर मोठे आणि शाई गडद असावी. प्रश्न व आकृत्या आधीच छापून घ्याव्यात, उत्तर मात्र वर्गात लिहावे. इंटरनेट मंद असल्यास कॅमेरा बंद ठेवून केवळ पान दाखवावे. त्यास कमी डेटा लागतो.

जतन

ओपनबोर्ड आणि झूर्नल++ ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. कोणतेही साधन वापरले तरी वर्ग संपताच पाने पीडीएफ स्वरूपात साठवून विद्यार्थ्यांना पाठवावीत. गुगलचा जॅमबोर्ड हा लोकप्रिय फळा डिसेंबर २०२४ मध्ये कायमचा बंद झाला. अशा वेळी स्वतःजवळील प्रतच उपयोगी पडते. त्या प्रतीमुळे वर्गात संपर्क तुटलेल्या विद्यार्थ्यालाही हुकलेली पायरी नंतर पाहता येते.

पहिल्या तासापूर्वी शिक्षकाने स्वतःच्या मोबाइलवरून त्याच वर्गात प्रवेश करून आपले अक्षर वाचता येते का, हे अवश्य पाहावे.