निर्वासितांच्या निवाऱ्यातील अन्न : किमान मानके

घरदार सोडून आलेल्या माणसाला निवाऱ्यात किती व कसे अन्न मिळावे, यासंबंधी काही किमान मानके जगभर स्वीकारली गेली आहेत. मदतसंस्थांनी १९९७ साली सुरू केलेल्या ‘स्फिअर’ प्रकल्पाच्या मानकांनुसार दरडोई दररोज सरासरी २,१०० किलोकॅलरींचा आहार आवश्यक मानला जातो. त्यातील किमान १० टक्के ऊर्जा प्रथिनांतून व १७ टक्के स्निग्ध पदार्थांतून मिळावी, तसेच अन्न त्या लोकांच्या रूढ आहाराशी व धर्माचाराशी जुळणारे असावे, अशी अपेक्षा आहे.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. आपत्तिग्रस्तांच्या छावण्यांसाठी मात्र २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात अन्न, पाणी व निवारा यांच्या किमान मानकांची तरतूद आहे. त्यानुसार राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१६ मध्ये प्रौढांसाठी दररोज २,४०० आणि बालकांसाठी १,७०० किलोकॅलरी हे प्रमाण ठरविले.

परंतु केवळ आकड्यांनी मानक पूर्ण होत नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघातून इराणमार्गे आलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत आश्रय मिळाला. त्यांत बहुतांश स्त्रिया व मुले होती आणि बहुसंख्य कॅथलिक होते. तेथे प्रत्येक कुटुंबाला खोल्यांसोबत स्वयंपाकघर व खर्चासाठी भत्ता दिला जात असे. त्यामुळे आई आपल्या मुलांना आपल्या हातचे जेवण देऊ शकत होती. परक्या देशातही चूल स्वतःची राहिली.

धाराशिव जिल्ह्याला हा विषय दूरचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उमरगा व लोहारा परिसरातील असंख्य कुटुंबांना उघड्यावर आणले. धर्मग्रामाच्या सभागृहात निवारा उघडण्याची वेळ उद्या आली, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १०० ग्रॅम ज्वारीतून सुमारे ३४० किलोकॅलरी मिळतात. म्हणून नुसती भाकरी पुरेशी नाही, डाळ व तेल हवेच. बालके, गरोदर व स्तनदा माता, वृद्ध आणि आजारी यांची वेगळी नोंद करावी. आलेल्यांना काय चालते व काय वर्ज्य आहे, हे आधी विचारावे. शक्य होताच शिजविलेल्या अन्नाऐवजी शिधा, भांडी व इंधन द्यावे. पंगतीत वाढलेले अन्न भूक भागविते. स्वतःच्या चुलीवरचे अन्न माणसाचा मानही राखते.