पासबुकातले स्वातंत्र्य

माझ्या अम्माच्या पत्र्याच्या पेटीत अगदी तळाशी पोस्टाचे एक पासबुक असे. अम्माला लिहिता-वाचता येत नव्हते, सहीच्या जागी अंगठा. पण ते पासबुक ती जिवापाड जपे. व्याज घ्यावे की घेऊ नये, यावर घरात वाद होत. पैसे सुरक्षित आहेत, याबद्दल मात्र कुणालाच शंका नव्हती. त्यावर सरकारचा शिक्का होता ना! अमेरिकेतल्या एका बुडालेल्या बँकेची हकीकत वाचली, तेव्हा मला पहिल्यांदा अम्माची ती पेटी आठवली.

तसा अमेरिकेतल्या गुलामीशी आपला परिचय जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो युनायटेड स्टेट्समधल्या सज्जनांना अर्पण केला. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्या लोकांनी जो त्याग केला, त्याचा तो गौरव होता. बी.ए.ला असताना ती अर्पणपत्रिका वाचून मी भारावून गेलो होतो. पण मुक्त झालेल्या त्या माणसांच्या खिशात काय होते, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही.

मित्रहो, याचे उत्तर विषण्ण करणारे आहे. १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामी कायद्याने संपवण्यात आली. त्या वेळी सरकारने भरपाई दिली. पण ती मालकांना! एका गुलामामागे सरासरी ३०० डॉलरपर्यंत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून दिले, त्यांना देऊ केले ते जास्तीत जास्त १०० डॉलर, तेही देश सोडून हैती किंवा लायबेरियाला जाणार असतील तर. पुढे जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने दक्षिणेतल्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त कुटुंबांना ४० एकरांपर्यंत वाटून देण्याचा हुकूम काढला. लिंकनच्या हत्येनंतर गादीवर आलेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत करायला सुरुवात केली. सुमारे ४० लाख माणसे अशी रिकाम्या हातांनी स्वतंत्र झाली.

त्यांच्यासाठी एक दार मात्र उघडले होते. ३ मार्च १८६५ रोजी लिंकनने फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या सनदेवर सही केली. अगदी पाच सेंटही या बँकेत ठेवता येत. धुणी धुणाऱ्या बायका, शेतमजूर, फौजेतून परतलेले शिपाई आपली पै-पै तिथे आणू लागले. बँक खासगी होती. पण पासबुकावर लिंकनचे चित्र, शाखांमध्ये सरकारी अधिकाऱ्यांची ये-जा. त्यामुळे तिच्या पाठीशी सरकार उभे आहे, असाच साध्या माणसांचा समज झाला. तो कुणी दूर केला नाही, उलट त्याला खतपाणीच घातले गेले.

आरंभी हा पैसा मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवायचा होता. १८७० मध्ये सनद बदलून जमीनजुमल्यावर कर्जे देण्याची मुभा मिळाली आणि तिथेच पाणी मुरले. बँकेच्या वित्त समितीची सूत्रे हेन्री कुककडे होती. युद्धकाळात सरकारी रोखे विकून गब्बर झालेला सावकार जे कुक हा त्याचा सख्खा भाऊ. ओळखीपाळखीच्या धनिकांना कर्जे मिळाली. ज्या दगडखाणीच्या कंपनीत हेन्रीचे हितसंबंध होते, तिलाही मिळाले. म्हणजे धुणेवालीच्या कमाईवर बिल्डर आणि खाणमालक धंदा करू लागले. ती धुणेवाली मात्र कधी कर्ज मागायला गेली असती, तर तिच्याकडे गहाण ठेवायला होते काय?

१८ सप्टेंबर १८७३ रोजी जे कुकची पेढी बसली आणि देशभर मंदी आली. योगायोग पाहा, त्यानंतर सहाच दिवसांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली! मार्च १८७४ मध्ये फ्रेडरिक डग्लस या एकेकाळच्या गुलामाला, थोर वक्त्याला, बँकेचा अध्यक्ष करण्यात आले. त्याने स्वतःचे १० हजार डॉलर बँकेत घातले. पण घर आतून पोखरलेले होते. २९ जून १८७४ रोजी बँकेला टाळे लागले. ६१ हजारांहून अधिक खातेदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. पुढे काही वर्षांत थोडे थोडे करून, तेही फार तर ६२ टक्क्यांपर्यंत, पैसे परत दिले गेले. अनेकांच्या हाती काहीच आले नाही.

त्या मंदीत गोरा मजूरही भरडला गेला. युद्धापूर्वी दक्षिणेतल्या सुमारे तीन चतुर्थांश गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. मग हे दोन गरीब एकत्र का आले नाहीत? काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ मध्ये याची मीमांसा केली. गोऱ्या मजुराला मजुरी कमी मिळे. पण काळ्यापेक्षा आपण वरचे, ही मानाची वरकमाई त्याला मिळत राही. मालकाला ही वरकमाई फुकटात वाटता येत होती. जातीच्या उतरंडीत वाढलेल्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

विसाव्या शतकातही हाच हिशेब चालू राहिला. १९३४ पासून सरकार घरकर्जांना हमी देऊ लागले, पण काळ्यांच्या वस्त्यांना तिने वगळले. असा भेद करण्यास कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये. तोवर एका पिढीची घरे झाली होती, दुसरी भाड्याच्या खोलीतच राहिली. घर मुलांना वारशाने मिळते. भाड्याची पावती मिळून काय उपयोग? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर निघाली आणि काळ्या कुटुंबाची सुमारे ४५ हजार. आजचा काळा तरुण तितकाच शिकला, तितकाच राबला, तरी त्याची शर्यत आजोबांच्या पासबुकापासून सुरू होते.

वॉशिंग्टनमध्ये ती बँक जिथे होती, त्या जागेवरच्या सरकारी इमारतीला २०१६ मध्ये तिचे नाव देण्यात आले. मला मात्र तिच्या खातेवह्या अधिक मोलाच्या वाटतात. सही न येणाऱ्या खातेदाराची ओळख पटावी म्हणून त्यांत जुन्या मालकाचे नाव, आईबाप, भावंडे, मुले यांची नावे लिहून घेत. विक्रीत ताटातूट झालेल्या माणसांची नावे एका पानावर आली ती अशी. आज त्यांचे वंशज त्या वह्यांत आपले पणजोबा शोधतात. पैसे परत मिळाले नाहीत, निदान नाव तरी सापडते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)