बारीक डोळे आणि मुकी फळी

मतारिकी. मतारि-इ. मकलि-इ. मतालिकी.

हे चार शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहावेत. पहिला न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा, दुसरा ताहितीचा, तिसरा हवाईचा, चौथा टोंगाचा. शब्दातली आडवी रेघ म्हणजे घशात क्षणभर अडवलेला श्वास. अनेक पॉलिनेशियन भाषांमध्ये तो श्वास म्हणजे एक पूर्ण व्यंजन असतं. ही चारही एकाच तारकापुंजाची नावं आहेत आणि तो पुंज आपल्या चांगल्या ओळखीचा आहे : कृत्तिका.

हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई म्हणजे ईस्टर बेट, ही तीन टोकं जोडून नकाशावर त्रिकोण काढला, तर त्याची प्रत्येक बाजू सुमारे सात हजार किलोमीटर भरते. हाच पॉलिनेशिया; मधे सगळा समुद्र. साधारण इ. स. 1000 ते 1300 या काळात जोडहोड्यांतून माणसं या टोकांवर पोचली. होडीत बियाणं होतं, कोंबड्या होत्या, आणि ताऱ्यांची नावं होती. नावं मात्र कुठेही लिहिलेली नव्हती. ती तोंडात होती.

तोंडातला शब्द प्रवासात झिजतो, पण वेडावाकडा झिजत नाही. माओरीतला 'त' हवाईत 'क' होतो, 'र'चा 'ल' होतो, आणि माओरीतला 'क' हवाईत घशातच थांबतो. मतारिकीची मकलि-इ होते ती अशी. माओरीत माणूस 'तंगता', हवाईत 'कनका'. आकाश माओरीत 'रंगी', हवाईत 'लनी'. निषिद्ध ते माओरीत 'तपु', हवाईत 'कपु'. (हाच 'तपु' कॅप्टन कुकने 1777 मध्ये टोंगात ऐकला आणि इंग्रजीत नेला. आपण आज सहज बोलतो तो 'टॅबू' तिथून आला.)

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. हिंदीत काला, केला, थाली, होली, फल. मराठीत काळा, केळं, थाळी, होळी, फळ. पण हिंदीत फूल, आणि मराठीतही फूलच, 'फूळ' नाही. असं का? मूळ शब्द 'फल' आणि 'फुल्ल'. एकेरी 'ल'चा मराठीत 'ळ' झाला, जोड 'ल्ल'चा साधा 'ल' उरला. हिंदीने दोन्ही एकाच 'ल'मध्ये मिसळून टाकले. म्हणून हिंदीच्या 'फल' आणि 'फूल' या शब्दांतला जुना भेद पुन्हा शोधायचा असेल, तर मराठीकडे यावं लागतं. एका बहिणीने हरवलेला दागिना दुसरीच्या पेटीत सापडतो, तसं हे आहे.

मतारिकीची गोष्टही अशीच एका बहिणीच्या पेटीत सापडते. 'मता' म्हणजे डोळा, यावर कुणाचं दुमत नाही. प्रश्न पुढच्या अर्ध्या शब्दाचा. माओरीत 'रिकी' म्हणजे बारीक, आणि 'अरिकी' म्हणजे सरदार, श्रेष्ठ पुरुष. मग मतारिकी म्हणजे बारीक डोळे, की श्रेष्ठाचे डोळे? माओरी परंपरा दुसरा अर्थ सांगते. आकाशपिता रंगीनुई आणि धरतीमाता पापातुआनुकू यांना त्यांच्या मुलांनी एकमेकांपासून दूर केलं. वाऱ्याचा देव ताफिरीमातेआ याला ते सहन झालं नाही. त्याने आपले डोळे उपटले, चुरडले आणि आकाशात फेकले. ते आभाळाच्या छातीवर चिकटले, ती मतारिकी.

भाषेचा अभ्यासक हा प्रश्न टोंगाकडे नेतो. माओरीच्या 'र'मध्ये दोन जुने ध्वनी मिसळले आहेत. टोंगाने ते वेगळे ठेवले : एक 'ल' म्हणून जपला, दुसरा पार गाळून टाकला. माओरीत घर 'फारे', टोंगात 'फाले'. इथे 'ल' टिकला. माओरीत दोन म्हणजे 'रुआ', टोंगात 'उआ'. इथे ध्वनी गळाला. सरदार माओरीत 'अरिकी', टोंगात 'एइकी', इथेही गळाला. आता कृत्तिकांचं टोंगातलं नाव पाहा : मतालिकी. 'ल' ठसठशीत उभा आहे. तो 'अरिकी'मधला असता, तर टोंगाने तो गाळला असता. म्हणजे मूळ नावात सरदार नव्हता. होते ते बारीक डोळे. तो पुंज ज्याने एकदा नीट पाहिला आहे, त्याला हे पटायला व्याकरण लागणार नाही.

पण म्हणून ताफिरीमातेआची कथा खोटी ठरत नाही. शब्दाची व्युत्पत्ती तो कुठून आला ते सांगते. लोक त्याला काय मानतात, ते लोकच सांगतात. ध्वनी मिसळले, म्हणून माओरीच्या कानाला बारीक डोळ्यांत देवाचे डोळे दिसू शकले. भाषेने केलेली ती दुसरी निर्मिती आहे.

'मता' हा शब्द तर या त्रिकोणाच्याही बाहेरचा आहे. मलय भाषेत डोळा 'मता'च. मलयमध्ये सूर्याला 'मताहारी' म्हणतात, दिवसाचा डोळा. पहिल्या महायुद्धात हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घातलेल्या 'मताहारी' या नर्तकीने आपलं नाव इथूनच घेतलं होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या मादागास्करमध्ये डोळा 'मासो' आणि सूर्य 'मासोआन्द्रो', पुन्हा दिवसाचा डोळा. मादागास्करपासून रापा नुईपर्यंत, दोन महासागर ओलांडून, माणसं एकाच शब्दाने वर पाहत आली आहेत.

या डोळ्यांवर वर्ष बांधलेलं आहे. कृत्तिका मे महिन्यात संध्याकाळी पश्चिमेला मावळतात, सुमारे महिनाभर सूर्याच्या उजेडात दिसेनाशा होतात, आणि जूनअखेर ते जुलैमध्ये पहाटे पूर्वेला पुन्हा उगवतात. माओरींचं नवं वर्ष या पुनर्दर्शनावर येतं. त्या पहाटे शिजवलेल्या अन्नाची वाफ ताऱ्यांना अर्पण करतात. पुंजातल्या एकेका ताऱ्याकडे एकेक खातं आहे : वाइती गोड्या पाण्याची, वाइता खाऱ्या पाण्याची, तुपुआनुकू जमिनीत पिकणाऱ्या अन्नाची, पोहुतुकावा वर्षभरात गेलेल्या माणसांची. तारा ठळक की मंद, यावर येणारं वर्ष जोखलं जातं.

हवाईत हाच पुंज उलट्या बाजूने धरला आहे. नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास, सूर्य मावळताच मकलि-इ पूर्वेला उगवते, तेव्हा 'मकहिकी' सुरू होते. मकहिकी म्हणजे वर्ष, आणि वर्षारंभाचा चारेक महिन्यांचा उत्सवही. त्या शब्दाच्या सुरुवातीलाही 'मका' आहे. आता आपलं पंचांग उघडा. नोव्हेंबरच्या आसपासचा आपला महिना कार्तिक. त्या महिन्यातली पौर्णिमा कृत्तिकांजवळ होते, म्हणून तो कार्तिक. पौर्णिमेचा चंद्र सूर्यासमोर असतो, म्हणजे त्या दिवसांत कृत्तिका सूर्यास्तालाच उगवतात. आपण त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्या लावतो, त्याच दिवसांत हवाईत मकलि-इची वाट पाहिली जाते. यात कुणी कुणाकडून काही घेतलेलं नाही. आकाश एक आहे आणि दोघांनीही ते लक्ष देऊन पाहिलं. ज्योतिषशास्त्राचे अभ्यासक शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी शतपथ ब्राह्मणातलं 'कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत' हे विधान धरून त्या ग्रंथाच्या काळाचा हिशेब मांडला, तो याच लक्ष देऊन पाहण्यावर भरवसा ठेवून.

वर्ष कृत्तिकांचं, तर महिना चंद्राचा, आणि पॉलिनेशियात तिथीला आकडा नसून प्रत्येक रात्रीला स्वतःचं नाव आहे. हवाईच्या महिन्यातल्या शेवटच्या चार रात्री : काने, लोनो, माउली, मुकू. सात हजार किलोमीटरवरच्या रापा नुईत महिन्याच्या अखेरीला भेटतात ताने, रोंगो, माउरी, मुतु. 'त'चा 'क', 'र'चा 'ल', नियम तोच. 'मुकू' म्हणजे तोडलेलं, आखूड झालेलं. चंद्र संपला ती रात्र. माओरीतही शेवटची रात्र 'मुतुफेनुआ'.

आणि याच रात्री एका लाकडी फळीवर कोरलेल्या आहेत.

रापा नुईची लिपी म्हणजे रोंगोरोंगो. आज जगात तिच्या जेमतेम दोन डझन वस्तू उरल्या आहेत, आणि त्यातली एकही त्या बेटावर नाही. बाहेरच्या जगाला तिची पहिली खबर 1864 मध्ये एजेन एरो या मिशनऱ्याने दिली. पुढे काही वर्षांनी ताहितीचे बिशप जोसाँ यांना बेटावरून एक भेट आली : माणसाच्या केसांची वळलेली लांब दोरी, एका जुन्या लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली. दोरी उलगडताना लाकडावर ओळीने कोरलेल्या खुणा दिसल्या. माणसं, पक्षी, मासे, चंद्रकोरी. त्या लाकडाची अलीकडेच रेडिओकार्बन चाचणी झाली. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ते झाड पंधराव्या शतकाच्या अखेरीस किंवा सोळाव्याच्या अगदी आरंभी तोडलेलं आहे; बेटावर पहिलं युरोपीय जहाज आलं ते 1722 मध्ये. कोरीवकाम लाकडाइतकंच जुनं असेल असं नाही, पण ही लिपी परक्यांची अक्षरं पाहून सुचली नसावी, या मताला त्यामुळे बळ मिळालं.

फळ्यांपैकी 'मामारी' नावाची एक, साधारण वहीच्या पानाएवढी, 29 सेंटिमीटर लांब. तिच्यावरची एक ओळ सुलट, तर पुढची उलट. वाचणाऱ्याने ओळ संपली की फळी हातात फिरवून घ्यायची. तिच्या काही ओळींत चंद्रकोरीची खूण पुन्हा पुन्हा येते आणि कोरींच्या मधून ठरावीक खुणांचा एकच गट परत परत डोकावतो. जर्मन अभ्यासक थॉमस बार्थेल यांनी 1958 मध्ये ओळखलं की ही चांद्रमासाची दिनदर्शिका आहे. साऱ्या रोंगोरोंगोत ज्याचं काम काय ते बहुतेक अभ्यासक मान्य करतात, असा मजकूर एवढाच. आणि तोही उलगडला तो खुणांमुळे कमी, लोकांच्या तोंडी राहिलेल्या रात्रींच्या नावांमुळे जास्त. ताने, रोंगो, माउरी, मुतु हे कुणीतरी अजून म्हणत होतं, म्हणून कोरी मोजता आल्या.

बाकी फळ्या मुक्या का, याचं उत्तर लिपीच्या नावातच आहे. 'रोंगो' म्हणजे ऐकणं, वार्ता. माओरीत 'फाकारोंगो' म्हणजे कान देऊन ऐक. हवाईत वार्ता म्हणजे 'लोनो', आणि मकहिकीचा देवही लोनोच. टोंगात नियमाप्रमाणे 'र' गळून 'ओंगो', म्हणजे आवाज. मलयमधला 'दंगार', ऐकणे, हा याच कुळातला. रापा नुईत 'रोंगोरोंगो' म्हणजे पठण. लिपीला दिलेलं हे नाव डोळ्याचं नाही, कानाचं आहे. फळी ही पठण करणाऱ्याच्या हातातली वस्तू होती. आपल्याकडे वेदांना श्रुती म्हणणाऱ्यांना हे लगेच कळलं असतं.

डिसेंबर 1862 मध्ये पेरूहून गुलाम धरायला जहाजं आली आणि काही महिन्यांत सुमारे चौदाशे माणसं धरून नेली. त्यांत पठण जाणणारे होते. जे थोडे परतले त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. 1877 मध्ये बेटावर 111 माणसं उरली होती. जोसाँनी मेतोरो नावाच्या बेटवासीयाकडून फळ्या वाचून घ्यायचा प्रयत्न केला. तो फळी फिरवत गात राहिला, पण मागाहून अभ्यासकांच्या ध्यानात आलं की तो बहुतेक खुणांची चित्रं सांगत होता : हा माणूस, हा पक्षी. मजकूर गेलेला होता.

मुकी लिपी पाहिली की माणसाला घाई होते. 1932 मध्ये हेवेशी या हंगेरियन विद्वानाने रोंगोरोंगोच्या खुणा मोहेंजोदडोच्या मुद्रांवरच्या खुणांशेजारी मांडल्या, आणि त्या सारख्या दिसल्या म्हणून जगभर खळबळ उडाली. सिंधूचं खोरं आणि रापा नुई पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत, आणि सिंधू लिपी लोपली त्यानंतर सुमारे तीन हजार वर्षांनी त्या बेटावर माणूस पोचला. साधर्म्याचा हा मोह आपल्याही कानाला होऊ शकतो. हवाईची 'माउली' ही रात्र ऐकून मराठी मन हेलावतं. तिथे त्या शब्दाचा अर्थ जीव, प्राण. 'मता' ऐकून माता आठवते, 'मताहारी'त हरी दिसतो. यातलं एकही नातं खरं नाही. नुसतं रूप जुळणं हा योगायोग असू शकतो. फरकच नियमाने जुळत गेले, तर ते नातं असतं. मतारिकी आणि मकलि-इ दिसायला वेगळ्या आहेत, आणि त्यांचा वेगळेपणा प्रत्येक शब्दात त्याच रीतीने येतो, म्हणून त्या सख्ख्या बहिणी.

माओरींच्या बाबतीत दैव थोडं दयाळू ठरलं. 1898 मध्ये 'ते कोकाऊ' नावाच्या एका जाणकाराने ताऱ्यांची विद्या लिहून काढायला घेतली. सुमारे चारशे पानांचं ते हस्तलिखित घरातल्या कपाटात पिढ्यान्‌पिढ्या राहिलं आणि पुढे आजोबांनी ते नातवाच्या हाती दिलं. तो नातू म्हणजे खगोलअभ्यासक रंगी मातामुआ. त्यांचं मतारिकीवरचं पुस्तक 2017 मध्ये आलं, आणि 24 जून 2022 रोजी न्यूझीलंडने मतारिकीची पहिली सार्वजनिक सुट्टी पाळली. इथेही अक्षरं कामी आली, पण ती लिहिली गेली तेव्हा सांगणाऱ्याचं तोंड बंद झालेलं नव्हतं.

म्हणून मला आपल्या शेतातली नावं आठवतात. पंचांगात मृग, पुनर्वसू, पुष्य छापलेले आहेत आणि ते राहतीलच. पण 'मिरग लागला' हे वाक्य, पुनर्वसूला तरणा पाऊस आणि पुष्याला म्हातारा पाऊस म्हणणं, हे छापलेलं नसतं. ते बांधावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात असतं. तुमच्या घरात, गावात असं कुणी असेल, तर या कार्तिकात, पौर्णिमा सरून अंधाऱ्या रात्री आल्या की, त्यांना घेऊन अंगणात बसा. पूर्वेला ते बारीक डोळे दिसतील. तुमच्याकडे त्यांना काय म्हणतात ते विचारा, आणि ते जसं म्हणतील तसंच, त्यांच्या उच्चारात, लिहून ठेवा.