कसणुकीची अट : इंग्लंडमधील अलॉटमेंट व्यवस्थेतील नियम आणि अंमलबजावणी

प्रस्तावना

भाजीपाला व फळे पिकविण्यासाठी नागरिकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या जमिनीच्या लहान तुकड्यास इंग्लंडमध्ये ‘अलॉटमेंट’ असे म्हणतात. त्याचे रूढ क्षेत्रफळ सुमारे 250 चौरस मीटर असते. या तुकड्यावर भाडेकरूची मालकी निर्माण होत नाही. त्याचा हक्क जमीन कसत राहण्यावर अवलंबून असतो. त्यामुळे जमीन नीट राखली आहे किंवा नाही हे कोणी व कोणत्या निकषावर ठरवावे, हा या व्यवस्थेच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

जमीनदारांचे नियम

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत सामाईक जमिनींना कुंपणे पडली आणि शेतमजुरांचा चराई व सरपणाचा आधार तुटला. 1830 मध्ये दक्षिण इंग्लंडमधील मजुरांनी मळणीयंत्रे फोडली. त्यानंतर जमीनदार व धर्मगुरू यांच्याकडून मजुरांना असे तुकडे भाड्याने देण्याचे प्रमाण वाढले. नांगराऐवजी कुदळीने मशागत करावी, जमिनीस खत द्यावे, रविवारी काम करू नये, गुन्हा सिद्ध झाल्यास तुकडा सोडावा, अशा अटी अनेक नियमावल्यांत आढळतात. म्हणजेच जमिनीच्या निगेबरोबर भाडेकरूच्या वर्तनावरही देखरेख होती. तुकडा गमावण्याची भीती हेच अंमलबजावणीचे मुख्य साधन होते.

कायद्याची चौकट

1908 च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये ही व्यवस्था स्थानिक संस्थांच्या अखत्यारीत दृढ केली. भाडे 40 दिवस थकल्यास, अथवा भाडेकरार सुरू होऊन किमान तीन महिने झाल्यानंतर नियमभंग दिसून आल्यास, एक महिन्याच्या नोटिशीने करार संपविण्याचा अधिकार परिषदांना मिळाला. 1922 च्या कायद्याने अलॉटमेंट बागेची व्याख्या केली : पाव एकरापर्यंतची, मुख्यतः कुटुंबाच्या उपयोगासाठी भाजी व फळे पिकविली जाणारी जमीन. त्याच कायद्याने सर्वसाधारण नोटिशीची मुदत सहा महिने ठेवली आणि ती 6 एप्रिलपर्यंत किंवा 29 सप्टेंबरनंतरच संपावी असे ठरविले. उभे पीक हातचे जाऊ नये, हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे. 1950 मध्ये ही मुदत बारा महिने झाली. मात्र जमीन स्वच्छ व सुपीक न राखल्यामुळे नुकसान झाल्यास, करार संपताना भाडेकरूकडून भरपाई मागण्याचा हक्कही त्याच कायद्याने जमीनमालकास दिला.

याचा परिणाम लक्षणीय होता. नियम पाळणाऱ्यास वर्षभराचे संरक्षण लाभले, तर नियम मोडणाऱ्यास महिन्याभरात जमीन सोडावी लागू शकत होती. साहजिकच ‘नीट कसलेली जमीन’ म्हणजे काय, या प्रश्नाचे महत्त्व वाढले.

अंमलबजावणीतील पेच

कायद्याने याचे नेमके प्रमाण दिले नाही. अनेक स्थानिक करारांत अर्ध्या किंवा पाऊण भागावर लागवड असावी अशी अट घातली जाते. पाहणी, लेखी सूचना, सुधारणेसाठी मुदत आणि शेवटी नोटीस असा क्रम सामान्यतः आढळतो. पडीक तुकड्यातील तणाचे बी शेजारच्या वाफ्यांत पसरते. म्हणून तक्रार बहुधा शेजाऱ्यांकडूनच येते. दुसऱ्या महायुद्धानंतर मागणी घटली व अनेक तुकडे ओस पडले. प्रा. हॅरी थॉर्प यांच्या समितीने 1969 च्या अहवालात अलॉटमेंटना ‘विरंगुळ्याच्या बागा’ असे नवे रूप द्यावे अशी शिफारस केली. एकविसाव्या शतकात मागणी पुन्हा वाढली. प्रतीक्षायादी लांब असताना पडीक तुकडा म्हणजे दुसऱ्या कुटुंबाचा अडवलेला हक्क ठरतो. दुसरीकडे आजारी किंवा वृद्ध भाडेकरूस महिन्याची नोटीस देणे कायदेशीर असले तरी न्याय्य असतेच असे नाही. 2010 च्या समानता कायद्यानुसार अपंग भाडेकरूंच्या बाबतीत वाजवी सवलतींचा विचार परिषदांना करावा लागतो.

समारोप

दोन शतकांत नियमांचा रोख भाडेकरूच्या चारित्र्याकडून जमिनीच्या स्थितीकडे वळला आणि जमीनदाराच्या मर्जीची जागा लेखी कार्यपद्धतीने घेतली. तथापि पाहणी करणाऱ्याच्या विवेकाला कायदा पर्याय देऊ शकला नाही. आळसाने पडलेली जमीन आणि अडचणीमुळे पडलेली जमीन दिसायला सारखीच असते. त्यांतील फरक ओळखण्यावरच या व्यवस्थेची न्याय्यता अवलंबून राहिली आहे.