एका बाकावर बसूनही

गोंधळ रंगात आला की गोंधळी करपल्लवी दाखवतात. गर्दीतला कुणीतरी एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगतो, तो बोटांच्या खुणा करतो आणि लांब उभा असलेला त्याचा जोडीदार ते नाव खणखणीत आवाजात सांगून मोकळा होतो. करपल्लवीच्या जुन्या रीतीत आधी अक्षराचा वर्ग, मग वर्गातला क्रम आणि शेवटी मात्रा हातानं दाखवतात. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांतही अक्षरमुष्टिकाकथन आहे. म्हणजे शब्द हातानं सांगता येतो, ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हती. ती करमणुकीत राहिली, शाळा मात्र तोंडी चालली. पाढे सुरात, कविता सुरात. ज्याला सूरच ऐकू येत नाही, त्यानं काय करायचं?

त्याच्यासाठी वेगळी शाळा निघाली ती मुंबईत, माझगावला, १८८०च्या दशकात. बिशप लिओ म्यूरिन यांनी ती काढली. काळ मोठा वाईट होता. १८८०मध्येच मिलान इथं भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनं ठराव केला होता की बधिर मुलांना बोलायलाच शिकवावं, खुणांनी शिकवू नये. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे! भारतातल्या बधिर शाळांवरही पुढे याच मताचा पगडा राहिला. व्हँकुव्हरच्या परिषदेनं त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला तो २०१०मध्ये.

वेगळी शाळा नको, सगळ्यांबरोबरच शिकू दे म्हणावं, तर सातारा-सांगलीच्या मातीत ‘सगळी मुलं एकत्र’ हा विचार रुजलेला. कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं आजच्या सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. १९१९मध्ये त्यांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं आणि निरनिराळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्या काळात हे धाडसच होतं. पण जातीची भिंत एका पंगतीनं खिळखिळी होते; ऐकू न येण्याची भिंत तशी हलत नाही. बधिर मुलगा पंगतीत बसेल, जेवेल, हसेलही, आणि वर्गात गेला की पुन्हा एकटा पडेल.

सरकारनं त्याला नेहमीच्या शाळेत आणण्याचा विचार उशिरा केला. १९७४मध्ये केंद्राची एकात्म शिक्षण योजना आली आणि तिच्यात पुस्तकं, गणवेश, प्रवास यांसाठी भत्ते होते. १९९५चा अपंग कायदा, २००१चं सर्व शिक्षा अभियान, २००९चा शिक्षणहक्क कायदा आणि २०१२ची त्याची दुरुस्ती, असं करत दार उघडलं. फिरते विशेष शिक्षक आले, कानाची मशीनं आली. दहावीला जादा वेळ आणि भाषा विषयांत सवलतही मिळाली.

दार उघडलं तरी वर्ग तोच राहिला. ओठ वाचून शिकायचं म्हटलं तर ‘पाय’ आणि ‘माय’ ओठांवर सारखेच दिसतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशाजवळच उमटतात, ओठांना त्यांचा पत्ताच नाही. गुरुजी फळ्याकडे वळले की धडा तिथंच तुटतो. श्रवणयंत्र गुरुजींच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि मागच्या बाकावरची कुजबुजही मोठी करतं. इतकं करून मूल पास झालं की आपण त्याच्या हुशारीचं कौतुक करतो, आणि नापास झालं तर दोषही त्याचाच.

खरी उणीव भाषेची, हातांच्या खुणांनी बोलायच्या सांकेतिक भाषेची होती, आणि ती मान्य व्हायला फार वेळ गेला. २०१५मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघालं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करून नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकली. २०२१मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनं ही भाषा शालेय विषय म्हणून आणली.

तेव्हा गावच्या शाळेत कर्णबधिर मुलाचं नाव दाखल झालं की शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी पहिला प्रश्न मशीनचा विचारू नये. या मुलाशी त्याच्या भाषेत बोलणारा शिक्षक रोज वर्गात असणार आहे का, हे विचारावं, आणि उत्तर लेखी मागावं.