अकागीचा रिकामा डेक

गेले चार महिने शनिवार-रविवार मी एकच काम करतोय. हासेगावाचं ७०० ला १ या प्रमाणातलं अकागी बांधतोय. अकागी म्हणजे जपानी आरमाराची ती प्रसिद्ध विमानवाहू युद्धनौका. पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या ताफ्याची ही फ्लॅगशिप, आणि जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत बुडाली. खरं जहाज २६० मीटर लांब, माझं साधारण ३७ सेंटीमीटर. झीरो विमानाचा पंख इथे १७ मिलिमीटरचा होतो आणि खलाशी जेमतेम अडीच मिलिमीटरचा. ज्यांना हे वेड नाही त्यांना वाटतं की डबा उघडायचा, भाग चिकटवायचे, झालं. तसं नसतं बुवा.

आता रेलिंगचंच बघा. डब्यातलं प्लास्टिकचं रेलिंग कोणी वापरत नाही, त्यासाठी पितळेच्या कोरीव पत्र्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. त्यांतली तार ०.१ मिलिमीटरची असली तरी ७०० ने गुणलं की ७ सेंटीमीटर जाड! एवढे जाड गज आमच्या सोसायटीच्या गच्चीलाही नाहीत. पण याहून बारीक केलं तर चिमट्यात धरताच त्याचा चुरा होतो. म्हणजे तडजोड आलीच. रंगाचीही तीच गत. कुरे, सासेबो, योकोसुका या गोद्यांचा राखाडी रंग थोडा थोडा वेगळा होता आणि मॉडेलवाल्यांच्या बाटल्याही त्याच नावांनी मिळतात. त्यावरून लोक जी भांडणं करतात ती वाचली की टॅब्ज विरुद्ध स्पेसेस हा वाद फार सभ्य वाटायला लागतो. :)

जहाज मात्र विचित्र आणि म्हणूनच मजेदार. १९२० साली कुरेला बांधायला घेतलं ते बॅटलक्रूझर म्हणून. १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने मोठ्या युद्धनौकांवर मर्यादा आली, तेव्हा अर्धवट सांगाड्याची विमानवाहू नौका करायचं ठरलं. तिचं जुळं भावंड अमागी १९२३ च्या भूकंपात मोडलं, मग त्याच्या जागी कागा घेतलं. सुरुवातीला अकागीला एकावर एक असे तीन डेक होते. १९३५ ते १९३८ मध्ये ते काढून एकच लांब डेक केला. ब्रिज डाव्या बाजूला आहे, उजवीकडे धुराडं, तेही वर न जाता समुद्राकडे वाकवलेलं. मागच्या बाजूला २० सेंटीमीटरच्या तोफा तशाच ठेवलेल्या. थोडक्यात लीगसी कोड. रिक्वायरमेंट तीनदा बदलली पण जुनं काही पूर्ण काढलं नाही.

असो. मूळ मुद्दा वेगळाच आहे. विमानं डेकवर ठेवायची वेळ आली की मॉडेलवाल्याला एक प्रश्न टाळता येत नाही : माझ्या जहाजावर किती वाजलेत? मला ४ जून १९४२, सकाळचे १० वाजून २० मिनिटं हवे होते. पुढच्या पाच-सहा मिनिटांत अमेरिकन डाइव्ह बॉम्बर आकाशातून कोसळले आणि अकागी, कागा, सोर्यू या तीन नौका पेटल्या. त्या क्षणाचं चित्र सगळ्यांच्या डोक्यात पक्कं आहे. डेक विमानांनी खच्चून भरलेला, इंजिनं सुरू, पाच मिनिटं मिळाली असती तर हल्ला निघालाच असता. हे चित्र मित्सुओ फुचिदाने दिलं. पर्ल हार्बरच्या हल्ल्याचं हवेतलं नेतृत्व याच माणसाने केलं होतं. मिडवेच्या वेळी अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्याने तो अकागीवरच थांबला होता. त्याचं पुस्तक जपानीत १९५१ साली आणि इंग्रजीत १९५५ साली आलं. प्रत्यक्षदर्शी, तोही इतका मोठा वैमानिक. कोण शंका घेणार?

शंका घेतली जोनाथन पार्शल आणि अँथनी टली यांनी, २००५ च्या 'शॅटर्ड स्वोर्ड' या पुस्तकात. (पार्शल सॉफ्टवेअरच्या धंद्यातला माणूस, हे वाचून मला उगाच अभिमान वाटला.) त्यांची पद्धत आपल्याला लगेच कळेल अशी आहे. लोक काय सांगतात ते बाजूला ठेवा, लॉग वाचा. जपानी नौकांवरच्या विमानांच्या उड्डाण-उतरणीच्या नोंदी शिल्लक आहेत. शिवाय जपानी पद्धत अशी की विमानांत बॉम्ब-टॉर्पेडो हँगरमध्ये भरायचे, मग लिफ्टने एकेक वर आणायचं, मागच्या टोकाला ओळीत लावायचं आणि इंजिनं डेकवरच गरम करायची, कारण यांचे हँगर चारी बाजूंनी बंद. या सगळ्याला पाऊण तास लागायचा. आणि तेवढा वेळ त्या डेकवर कोणी उतरू शकत नाही.

आता हिशोब करा. सव्वासातला ॲडमिरल नागुमोने हुकूम दिला, टॉर्पेडो काढा, जमिनीवर टाकायचे बॉम्ब लावा. अर्ध्या तासात अमेरिकन जहाजं दिसल्याची खबर आली, तेव्हा हुकूम फिरवला, थांबा, टॉर्पेडोच ठेवा. (रिलीजच्या दिवशी स्कोप बदलणारा क्लायंट ज्यांनी पाहिलाय त्यांना खालच्या हँगरमधल्या लोकांबद्दल आपोआप सहानुभूती वाटेल.) मग मिडवेहून परतलेली विमानं उतरवून घेतली, ते काम ९ वाजून १८ मिनिटांच्या सुमाराला संपलं. लगेच अमेरिकन टॉर्पेडो विमानांच्या लाटा सुरू. पहिल्या तुकडीची पंधराच्या पंधरा विमानं पडली, तीसपैकी एकच माणूस वाचला. पण त्यांना चुकवायला नौका गरागरा वळत राहिल्या, आणि संरक्षणाच्या झीरोंना दारूगोळ्यासाठी उतरवणं-उडवणं दहा वाजेपर्यंत आणि त्यानंतरही चालूच होतं. म्हणजे डेक नावाच्या टेबलला सतत लॉक. पाऊण तासाची मोकळी खिडकी मिळालीच कुठे?

तेव्हा १० वाजून २० मिनिटांनी अकागीच्या डेकवर संरक्षणाचे थोडे झीरो होते. हल्ल्याची टॉर्पेडो विमानं खाली हँगरमध्ये होती, इंधन आणि शस्त्रं भरलेली. जपानच्या अधिकृत युद्धेतिहासाच्या १९७१ च्या मिडवे-खंडातही फुचिदाची ती पाच मिनिटं नाहीत. पण तो खंड जपानीत, त्यामुळे बाहेर कोणी वाचला नाही आणि कथा आणखी तीस-पस्तीस वर्षं आरामात फिरत राहिली.

फुचिदा खोटं का बोलला असेल? मला वाटतं, थोडक्यात हुकलेली जीत ही पराभवापेक्षा सुसह्य असते. अमेरिकनांनाही चमत्कार हवाच होता, त्यामुळे दोन्ही बाजूंनी टाळ्या. पण यात खरी माणसं हरवतात. त्या पंधरा विमानांनी एकही टॉर्पेडो लागू दिला नाही म्हणून त्यांना नुसते हुतात्मे म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात जपानी डेक अडवून ठेवण्यात त्यांचा आणि त्यांच्यामागून आलेल्यांचा मोठा वाटा होता. आणि अकागीवर नीट लागलेला बॉम्ब एकच, डिक बेस्टच्या तीन विमानांपैकी एकाचा. मधल्या लिफ्टच्या कडेला लागून तो वरच्या हँगरमध्ये फुटला. भरलेला डेक असता तर आग वर, उघड्यावर लागली असती. इथे ती बंद पेटीत लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे जपान्यांनी स्वतःच टॉर्पेडो मारून तिला बुडवलं. जहाजावरची २६७ माणसं गेली.

याच अकागीची विमानं दोन महिने आधी, ५ एप्रिल १९४२ ला, कोलंबोवर आली होती. दुसऱ्या दिवशी वेगळ्या जपानी ताफ्याच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडावर बॉम्ब टाकले. म्हणजे हे युद्ध आपल्यापासून काही फार लांब नव्हतं. तिचा सांगाडा ऑक्टोबर २०१९ मध्ये साडेपाच किलोमीटर खोलीवर सापडला, २०२३ मध्ये त्याचं जवळून चित्रीकरणही झालं.

मित्र म्हणतात, एवढी विमानं डब्यात आहेत तर लाव की, रिकामं दिसतंय. ज्यांना भरलेला डेक हवाच त्यांनी त्याच दिवशी पहाटेचे साडेचार निवडावेत. मिडवेवर जाणारे १८ डाइव्ह बॉम्बर आणि ९ झीरो ओळीत लावता येतात आणि इतिहासही बिघडत नाही. मी मात्र तीन झीरोच ठेवलेत. ब्रिजभोवती छर्‍यांपासून बचावासाठी बांधलेल्या गुंडाळ्या आहेत, त्या पुट्टीच्या बारीक वळ्या करून एकेक चिकटवल्या. यात दोन वीकेंड गेले.

आता राहिलेत फक्त डेकच्या कडेचे रेडिओचे खांब. ते बिजागरीवर बाहेरच्या बाजूला आडवे करता येत. बरेच जण उभे लावतात, उभे छान दिसतात हे खरंच. पण विमानांची ये-जा चालू असताना ते आडवेच हवेत, म्हणून १० वाजून २० मिनिटांना आडवे.